गोळ्याच्या कोपऱ्यातला आवाज

सर,

तुमचे दिवसपाणी उरकले, त्यानंतरच्या आठवड्यात मी कॉलेजच्या मैदानावर तुमचा आवाज ऐकला. संध्याकाळची वेळ होती, उजेड पुरता मावळला नव्हता. क्रिकेटवाल्यांचं नेट चालू होतं आणि भिंतीपलीकडे रिक्षावाले नेहमीसारखे एकमेकांच्या नावानं शंख करत होते. मी जिमखान्याच्या खोलीला कुलूप लावून गेटकडे निघाले आणि मागून, आपल्या गोळाफेकीच्या कोपऱ्यातून आलं, "उठ!" तुमचंच. दाबून धरलेला तो 'उ' आणि पाठोपाठ आपटलेला 'ठ'. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. आजोळच्या कोकणातल्या सगळ्या कहाण्या ऐकूनही तो बसला नाही. पण त्या संध्याकाळी मी मागे वळून बघितलं नाही. सरळ गेटबाहेर पडले, मिळेल त्या रिक्षात बसून स्टेशन गाठलं, आणि कोपर स्टेशनला उतरून घरी पोचले तरी जिमखान्याची किल्ली मुठीतच होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं ऐकलेला आवाज आहे. कानात बसतो माणसाचा." असेल. पण कानात बसलेला आवाज आतून येतो, सर. हा बाहेरून आला होता, डाव्या बाजूनं, भिंतीवर आपटून.

गोळा हातानं फेकत नाहीत, पायानं फेकतात, हे तुमचं पहिलं वाक्य. वर्तुळाच्या मागच्या टोकाला मैदानाकडे पाठ करून वाकायचं, तसंच मागच्या मागे सरकायचं, आणि दोन्ही पाय जमिनीला लागले की खालून उठायचं. त्या उठण्याच्या नेमक्या क्षणी तुम्ही ओरडायचात. जरा आधी नाही, जरा नंतर नाही. किती मुलामुलींनी त्या एका शब्दावर गोळा सोडला असेल! आमच्या बॅचची एक जण, आता दोन मुलांची आई, अजून सांगते की सकाळी अलार्म वाजला की तिला तुम्हीच ऐकू येता, नि ती नवऱ्याला कोपर मारून उठते.

आणि त्या सकाळी काकू चहा घेऊन तुम्हाला उठवायला आल्या, तर तुम्ही उठला नाहीत. गणपती नुकतेच गेले होते. काकू म्हणाल्या, चेहऱ्यावर काही नव्हतं, दुखल्याचंसुद्धा नाही. मला फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा चिडले. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तुम्ही निघून गेला होतात. रडायला नंतर आलं, कल्याणच्या पुलावर, रिक्षा अडकली तेव्हा.

तुम्हाला खांदा द्यायला खांद्यांची काय कमतरता! गोळा, थाळी, भाला, हातोडा फेकणारे सगळे आले होते, काही तर थेट नाशिकहून रात्रीची एसटी पकडून. हातोडावाले पुढे, थाळीवाले मागे. उचललं तेही असं, की जसं काही वजनच नाही, आणि चाल इतकी जोरात की मडकं धरलेला तुमचा भाचा धावायला लागला. काकू दारातून म्हणाल्या, "हळू रे, त्यांना घाई केलेली चालायची नाही." तर सगळे एकदम थांबले आणि पावलं जुळवून पुन्हा निघाले. मला तेवढ्यातही हसू आलं, आणि बाजूला उभ्या असलेल्या तुमच्या शेजारणीनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

तुम्ही मला गोळ्यासाठी कसं उचललंत, आठवतं? मी पहिल्या वर्षाला होते. गॅदरिंगची तयारी चालली होती. कॅन्टीनच्या वाटेत तीन पोरं एक लाकडी बाक आडवा धरून चर्चा करत उभी होती, की कुठून वळवायचा. मला भूक लागलेली. मी बाक त्यांच्या हातातून घेतला, भिंतीला लावला आणि गेले. वडापाव खात होते तेवढ्यात तुम्ही समोर येऊन म्हणालात, "हात दाखव." मी तळहात पुढे केला. तुम्ही माझी बोटं मागे वाकवून बघायला लागलात.

"भविष्य बघताय का सर?"

"हो. उद्या साडेसहाला मैदानावर आहेस."

आणि मग आईला समजवायला तुम्ही कोपरला आमच्या घरी आलात. आईनं घावणे केले होते. तुम्ही चार खाल्लेत आणि चौथ्याला आईनं विषय काढला, की पोरीचे खांदे वाढले तर पुढे कसं व्हायचं, ब्लाउज शिवायची सुद्धा पंचाईत. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, ब्लाउज शिवणारे मिळतात. खांदे मिळत नाहीत." आई हसली नाही, पण तिनं पाचवा घावणा वाढला. तिची परवानगी अशीच असायची.

तीसएक वर्षं तुम्ही त्या एका कोपऱ्यात उभे राहिलात. मैदान क्रिकेटवाल्यांचं, फुटबॉलवाल्यांचं, धावणाऱ्यांचं. फेकणाऱ्यांना काय, तर भिंतीलगतची ती तिरकी पट्टी, जिथं पावसाळ्यात पाणी साचतं. वर्तुळसुद्धा तुम्ही गवंड्याच्या शेजारी उकिडवे बसून करून घेतलंत, आणि तो निघून गेल्यावर ओल्या सिमेंटवर कुत्रा चालून गेला म्हणून दिवसभर त्या कुत्र्याला शोधत होतात. पाऊलखूण राहिलीच. धावणाऱ्यांचे पेपरात फोटो यायचे, फीत छातीवर, केस उडताहेत. आमचा फोटो कधी छापून आलाच तर गाल फुगलेले, डोळे मिटलेले आणि मान एका बाजूला. माझा तसा एक आला तेव्हा मी घरी लपवला होता. तुम्ही तो कापून जिमखान्याच्या दारावर डकवलात आणि म्हणालात, "हा खरा चेहरा. बाकीचे सगळे लग्नातले."

खंडेनवमीला तुम्ही सतरंजीवर गोळे मांडून पूजा करायचात. भाले भिंतीला, थाळ्या मधे, हातोड्यांच्या तारा नीट गुंडाळलेल्या, प्रत्येक गोळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी कुणी काही फेकायचं नाही. यंदा पूजा मी केली. मुलांनी सगळं नीट मांडलं होतं, मला सांगावंही लागलं नाही. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि सगळे एक क्षण तसेच उभे राहिले. कशासाठी ते कुणाला सांगता येईना. मग माझ्या लक्षात आलं, पूजा झाल्यावर तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "चला, पळा आता घरी," आणि ते म्हणणारं कुणी नव्हतं. शेवटी मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते इतकं तुमच्यासारखं निघालं की एक मुलगी दचकली.

आता प्रणालीकडे येते. तुम्हाला ठाऊक आहे मी तिथेच येणार होते.

मोहने गावातली ही पोर तुम्ही गेल्या वर्षी हेरलीत. उंचीनं बेताची, पण पाय असे की जमीन तिचीच. मागे सरकत टाकायची पद्धत तिनं वर्षभरात अशी आत्मसात केली की पंच मान डोलवायचे. यंदा तिची आंतरकॉलेज स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात निवड होणार, हे मी धरून चालले होते. आणि ऐन पावसाळ्यात तुम्ही तिचं सगळं मोडलंत. सरकणं बंद, आता फिरून टाकायचं. थाळीवाले गिरकी घेतात तशी वर्तुळात गिरकी. जमलं तर गोळा लांब जातो, नाही जमलं तर माणूस पुढच्या लाकडी पट्टीवरून बाहेर आणि फेक फाउल. ते बसायला वर्ष, दीड वर्ष सहज जातं.

मी तुम्हाला टपरीवर गाठलं. दोन कटिंग मागवले.

"तिला यंदा फिरवू नका, सर. सरकत छान टाकते ती."

"यंदा नको म्हणजे? पुढच्या वर्षी काय तिला नवे पाय फुटणार आहेत?"

"तिला विचारलंत?"

"ए वैशाली, तुला विचारलं होतं?"

"नाही. म्हणूनच सांगतेय."

याच कॉलेजात नोकरीला लागल्यापासून तुम्ही मला चिडवायला 'मॅडम' म्हणायचात. 'ए वैशाली' निघालं की भांडण खरं असायचं. पण त्या दिवशी तुम्ही नुसता चहा संपवलात, ग्लास ठेवलात आणि मैदानाकडे बघत बसलात. तुम्हाला धाप लागल्यासारखं वाटलं मला, पण तुम्ही चालत आला होतात, ऊन होतं. मी म्हटलं, "बोला ना." तुम्ही म्हणालात, "उद्या." आपलं उद्याचं भांडण पुढच्या आठवड्यावर गेलं, मग गणपती आले, आणि मग तुम्ही गेलात.

पोर मधल्या मधे लटकली. सरकणं मोडलेलं, फिरणं जुळलेलं नाही. आता तिला मीच बघायचं होतं. काय करायचं? परत सरकायला लावायचं, म्हणजे माझंच खरं करायचं आणि तेही तुम्ही उत्तर द्यायला नसताना? की तुमचं अर्धं काम पुरं करायचं, जे मला मुळात पटलेलंच नव्हतं? मी 'तुझं चालू दे' म्हणत राहिले आणि ती फाउल करत राहिली. दहातल्या आठ फेकी फाउल. प्रत्येक वेळी पुढच्या पट्टीवरून तोल जाऊन बाहेर. एक दिवस बूट काढता काढता म्हणाली, "मॅडम, नाय जमत मला. मी सोडते. आत्याच्या पार्लरमध्ये माणूस पायजेलच आहे." डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली.

आणि मी तुमचा आवाज ऐकला तो याच दिवसांत. पहिल्या दिवशी पळाले. दुसऱ्या दिवशी नव्हता. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले, खोलीच्या दारात, कुलूप हातात घेऊन. आला. "उठ!" थोड्या वेळानं पुन्हा. कुलूप दाराला तसंच अडकवलं. मी चालत गेले, भिंतीच्या कडेकडेनं.

प्रणाली एकटीच होती. मागच्या कठड्यावर तिचा मोबाइल टेकवून ठेवलेला. तिनं बोटानं काहीतरी दाबलं, पळत वर्तुळात गेली, हनुवटीखाली गोळा लावला, वाकली. मोबाइलमधून आधी वारा ऐकू आला, मग कुणाचं तरी खोकणं, ते तुमचंच, आणि ती गिरकीत शिरली तोच तुम्ही ओरडलात, "उठ!" ती उठली, तोल गेला, पट्टीवरून धडपडत बाहेर.

मला बघून ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "सरांचा आवाज असला की बरं वाटतं. नाहीतर मागे कोणच नसतं."

मी तिच्या शेजारी कठड्यावर बसले. तिनं एकेक व्हिडिओ दाखवला. गेल्या वर्षीचे सगळे. सरावाचे, कुणी कुणी काढलेले. तुम्ही दिसत नाही कुठेच, सर. कधी तुमची चप्पल, कधी नॅपकिन टाकलेला खांदा. पण प्रत्येकात तुमचा आवाज. आणि बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी ती सरकत टाकायची. सरकणं झटक्यात होतं. वाकली, सरकली, उठ. गिरकीला त्याहून वेळ लागतो. पाय अख्खं वर्तुळ फिरून यायचा असतो. म्हणजे ती फिरत होती यंदाचं आणि उठत होती गेल्या वर्षीच्या हाकेवर. डावा पाय अजून हवेत असतानाच तुम्ही तिला उठवत होता. आपल्याच कोपऱ्यात घडावी अशी चूक! मेलेल्या माणसाची हाक पाळून पोर रोज तोंडघशी पडत होती.

मी तिला समजावलं. टाळी वाजवून दाखवली, सरकताना इथं, फिरताना इथं. तिला कळलं, पण मोबाइल तिनं छातीशी धरला होता.

"तो बंद करून टाक, प्रणाली."

"मॅडम, तुमचं सरांशी वाजलेलं ना? आम्हाला माहितीय. म्हणून बंद करायला सांगताय?"

दुसरी कुणी असती तर मी झापलं असतं. पण क्षणभर मलाही खात्री नव्हती. मला तुमचा आवाज बंद करायचा होता का? तो आवाज ऐकायला मी स्वतः दारात घुटमळत होते. शेवटी मी विचारलं, "फिरवायला लागल्यावरचा एखादा व्हिडिओ नाही का? त्यात सरांची हाक बरोबर वेळेवर असेल."

"आहे ना. पण त्यात आवाजच नाय."

तिनं लावला. पावसाळ्यातला, पार्किंगच्या छपराखाली, गोळ्याऐवजी हातात नुसता चेंडू. ती फिरते, पडते. फिरते, पडते. पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि तुम्ही नाही.

"सर तेव्हा नव्हते?"

"होते की. समोरच खुर्चीवर. पण फिरताना सर बोलायचेच नाहीत. मी बोलले, सर, हाक द्या ना, मला कळत नाय कधी उठायचं. तर बोलले, आता तू बोल."

आता तू बोल. हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, सर. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एकदाही नाही. मला हेवा वाटला, खरंच, त्या पोरीचा. आणि मग खुर्चीचं लक्षात आलं. तुम्ही सरावाला खुर्चीवर कधी बसला होतात? छातीत श्वास पुरत नव्हता म्हणून हाक बंद झाली, की हाक बंद करायची म्हणून तुम्ही तिला फिरायला शिकवलंत? आपण नसू तेव्हा हिला आपली गरज पडू नये, असं काही तुमच्या मनात होतं का? काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काही बोलले नाहीत हो. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, स्पर्धा होऊ दे." तेवढंच. मी ते किती रात्री उलटसुलट करून बघितलं आहे, पण हाताला काही लागत नाही.

मोबाइलवरची हाक बंद झाली. नंतरचे दिवस वाईट होते. ती वर्तुळात उभी राहायची आणि मागे वळून बघायची, जिथं तुम्ही उभे राहायचात तिथे. मीही बघायचे. तिथलं गवत अजून नीट उगवलेलं नाही. दोन-तीनदा माझ्याच तोंडात ती हाक आली, ओठापर्यंत. मी दात आवळून धरले.

स्पर्धा ठाण्याला झाल्या. संघात पहिल्या दोघींचीच निवड होती. प्रणालीच्या सुरुवातीच्या फेकी फाउल गेल्या, मग एक वैध, पण जेमतेम पडलेली. मधे एक बरी पडली. शेवटच्या फेकीला ती तिसरी होती आणि दुसरीतला नि तिच्यातला फरक इतका कमी, की जुन्या पद्धतीनं सरकत टाकला असता तर तिनं तो झोपेत ओलांडला असता. तिलाही ते कळत होतं. तिनं कुंपणाकडे, माझ्याकडे बघितलं. मी नुसतं 'सरक' म्हणायचं होतं. ओठ हलवले असते तरी पुरे होतं. पोर संघात गेली असती आणि टपरीवरचं आपलं भांडण मी सर्वांदेखत जिंकले असते.

मी काही बोलले नाही. का, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि जरा वेळानं तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली.

ती फिरली. मैदानावर कुणी हाक दिली नाही. ती उठली, तिच्या वेळेला, गोळा गेला, आणि ती पट्टीच्या आत एका पायावर डुगडुगत उभी राहिली, पडली नाही. पांढरा झेंडा वर गेला. फेक चांगली होती, सर. पुरेशी नव्हती. तिसरीच राहिली.

ती मागच्या बाजूनं वर्तुळाबाहेर आली आणि कुंपणाशी आली. मी तोंड उघडलं, "डावा पाय..."

"उशिरा आला," ती म्हणाली. "हवेत असतानाच कळलं मला, मॅडम." आणि हसली. हरलेली पोर, घामानं निथळणारी, गाल फुगवून हसत होती. मग म्हणाली, "सोमवारी किती वाजता येऊ?"

मी वेळ सांगितली आणि पाण्याच्या नळाकडे जाऊन भरपूर रडले. तिच्या हरण्यासाठी नव्हे. तिला आता तुमची हाक लागत नव्हती, आणि मला ती हवी होती, अजून हवी आहे. मैदानावर आता मीच उरले आहे तुमच्या आवाजाची वाट बघणारी. तो येत नाही. बंद करायला मीच सांगितला.

तर सर, यंदाच्या वर्षापुरतं माझं बरोबर होतं. पुढचं कदाचित तुमचं असेल. त्या दिवशी टपरीवर तुम्ही एवढं सांगायला हवं होतं, की "तिला माझ्याशिवाय टाकता यावं म्हणून हे चाललंय." मी समजून घेतलं असतं. भांडले नसते.

खोटं. भांडलेच असते, चांगली कडकडून. दुसरा चहा मागवला असता, तिसरा मागवला असता. आणि तेवढा वेळ तरी तुम्ही माझ्याशी बोलत बसला असतात.

तुमची,
वैशाली